भीती वाटते, म्हणजे विश्वास उणा पडला का?

‘प्रार्थनेला बसले की कान दाराकडेच असतात. खरा विश्वास असता तर असं झालं असतं का?’ छळ सोसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांशी बोलताना हा प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळतो. मराठवाड्यातल्या एका ताईंची हकीकत त्यांच्या संमतीने सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

त्यांच्या घरी रविवारी चार-पाच कुटुंबांची उपासना होत असे. एका रविवारी घोळका आत शिरला. पवित्र शास्त्राच्या प्रती फाडल्या, ताईंच्या यजमानांना मारलं, ‘पुन्हा जमलात तर बघून घेऊ’ म्हणून बजावलं. पुढे दुकानदाराने उधारी बंद केली, मुलीच्या मैत्रिणी घरी येईनाशा झाल्या. माराहून हे तोंड फिरवणंच त्यांना जास्त लागलं. त्यात आपल्याच नातेवाइकांचा सल्ला: ‘छळ व्हायचाच, आनंद माना. क्षमा करा, विसरा.’ बोलणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण ताई रात्ररात्र जाग्या राहत आणि वर स्वतःलाच दोष देत.

पहिल्या भेटीत मी बायबलमधलं एकही वचन काढलं नाही. झोप किती लागते, जेवण जातं का, घरी सोबत कोण असतं, धोका आज किती आहे, एवढंच विचारलं. ईजबेल राणीच्या धाकाने पळालेला एलिया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवाने त्याला खडसावलं नाही. दूताकरवी भाकर-पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. ‘तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न नंतर आला, होरेब डोंगरावर. महिना उलटूनही ताईंची छातीतली धडधड थांबत नव्हती, म्हणून त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. गोळी घेतल्याने देवावरचा भरवसा कमी होत नाही, हे त्यांना पटायला वेळ लागला. (रात्री-अपरात्री फार घाबरं झालं, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.)

मग मूळ प्रश्नाकडे आलो. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशू स्वतः व्याकूळ झाला, शिष्यांना ‘जागे राहा’ म्हणाला. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात तर वेदीखालचे रक्तसाक्षी, म्हणजे विश्वासापायी मारले गेलेले, देवाजवळ पोचल्यावरही, ‘कोठवर?’ असा टाहो फोडतात. ताई चमकल्या: ‘तिकडे गेल्यावरही विचारतात?’ विचारतात. आणि त्यांना कोणी गप्प बसवत नाही. शुभ्र झगे देऊन थोडा काळ थांबायला सांगतात. मग घाबरून विचारणाऱ्या ताईंचा विश्वास उणा कसा?

मरणातून उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या. ज्यांनी त्याला खिळलं त्यांचा निकाल मात्र देवाने तिसऱ्या दिवशी फिरवला. आमची आशा ती ही. झालेला दुष्टपणा दुष्टपणाच, त्याला गोड नाव द्यायची गरज नाही. शेवटचा शब्द मात्र त्याचा नाही. मी स्वतः यावर उभी आहे, म्हणून ताईंना हे सांगताना माझा आवाज अडखळला नाही.

क्षमेचं बोलणं सगळ्यांत अवघड गेलं. १९९९च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूर गावी ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची मुलं, दहा वर्षांचा फिलिप व सहा वर्षांचा टिमोथी, गाडीत झोपले असताना जाळले गेले. ग्रॅहम यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं आणि कुष्ठरुग्णांची सेवा चालू ठेवली. खटला तरीही चालला. मुख्य दोषी दारा सिंगची जन्मठेप २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. क्षमा केली म्हणून तक्रार करू नये, असं कुठेच नाही. फिलिप्पै शहरात चौकशीविना फटके खाऊन तुरुंगात पडलेल्या प्रेषित पौलाला अधिकारी गुपचूप सोडू लागले, तेव्हा तो अडून बसला: आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावं. आपल्याकडे तर धर्मस्वातंत्र्य देणारा संविधानाचा अनुच्छेद २५ आहे.

वकिलांच्या मदतीने ताईंनी लेखी तक्रार दिली, फाटलेल्या पानांचे फोटो आणि डॉक्टरांचा दाखला जोडून. यजमान अजून जबाब द्यायला तयार नाहीत. मुलीला शाळेत त्रास होईल, ही त्यांची काळजी खरी आहे. पुढच्या भेटीला दोघांना एकत्र बोलावलं आहे. तोवर उपासनेला ते शेजारच्या गावातल्या चर्चमध्ये जातात, आणि मंडळीतलं कोणीतरी जाता-येता त्यांच्यासोबत असतं.