अंधार, निळा प्रकाश आणि पार्श्वसंगीत असूनही थरारपटातल्या प्रसंगात ताण का येत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही एक लघु थरारपट करत आहात. त्यातल्या चार मिनिटांच्या मुख्य प्रसंगात घरात एकटी असलेली स्त्री रात्री कसलासा आवाज ऐकून उठते, लांब पॅसेजमधून चालत जाते आणि टोकाचे बंद दार उघडते. तुम्ही अंधार ठेवला, निळसर प्रकाश वापरला, कॅमेरा हातात घेऊन हलवला, पहिल्या क्षणापासून पार्श्वसंगीत दिले आणि साठेक कट, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर जाणे, केले, तरीही पाहणाऱ्यांना काहीच जाणवत नाही. तेव्हा वातावरण निर्माण करण्यासाठी कोणती तंत्रे वापरावीत आणि दार उघडल्यावर काय दाखवावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी बरीच वर्षे लघुपटांचे संकलन करत आलो आहे आणि तुम्ही वर्णन केलेला प्रसंग निरनिराळ्या रूपांत अनेकदा माझ्या टेबलावर आलेला आहे. माझे स्पष्ट मत असे की तुमच्याकडे तंत्रांची कमतरता नाही. ती सगळी पहिल्याच सेकंदापासून एकदम वापरली गेल्यामुळे पुढे वाढायला काहीच उरलेले नाही. दुसरे म्हणजे, या चार मिनिटांत प्रत्येक क्षणी प्रेक्षकाला नेमके काय ठाऊक आहे आणि त्या स्त्रीला काय ठाऊक आहे, हे आधी ठरवलेले दिसत नाही. प्रकाश, ध्वनी, लेन्स आणि कट ही सगळी साधने ती माहिती किती द्यायची, केव्हा द्यायची आणि कुणापासून लपवायची यासाठी आहेत.

थरारपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी 1962 साली फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत हा मुद्दा टेबलाखालच्या बाँबच्या उदाहरणाने मांडला आहे. माणसे बोलत बसली आहेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. पण बाँब तिथे आहे आणि तो केव्हा फुटणार हे प्रेक्षकाला आधीच कळले असेल, तर त्याच साध्या गप्पा पंधरा मिनिटे श्वास रोखून ऐकल्या जातात. पक्षी माणसांवर हल्ले करतात अशी कथा असलेल्या हिचकॉक यांच्याच 'द बर्ड्स' (1963) मध्ये नायिका शाळेच्या आवारात सिगारेट ओढत बसलेली असते, आतून मुलांचे गाणे ऐकू येत असते आणि तिच्या पाठीमागच्या खेळण्याच्या सांगाड्यावर एकेक कावळा येऊन बसत असतो. आपल्याला तो दिसतो, तिला दिसत नाही. मग कॅमेरा बराच वेळ फक्त तिच्यावर थांबतो आणि मागे आता किती कावळे जमले असतील, हे आपण मनातल्या मनात मोजू लागतो. तिथे ना अंधार आहे ना पार्श्वसंगीत. भर दिवसाचा प्रसंग आहे, तरी तो मला आजही बेचैन करतो.

तुमच्या प्रसंगात हे सहज आणता येईल. ती स्त्री झोपण्यापूर्वी पॅसेजमधून जाते असा एक साधा शॉट आधी ठेवा आणि त्यात टोकाचे दार पूर्ण बंद दिसू द्या. त्याकडे लक्ष वेधू नका, ते फक्त चौकटीत असू द्या. रात्री ती उठते तेव्हा कॅमेरा त्याच जागी, त्याच उंचीवर ठेवून तोच शॉट पुन्हा दाखवा; पण आता ते दार बोटभर उघडे असू द्या आणि ती मात्र दुसरीकडे पाहत असू द्या. तिला ते दिसेपर्यंतचा वेळ हाच तुमचा खरा प्रसंग आहे. त्यासाठी प्रेक्षकाला घराची रचना नीट समजलेली असावी लागते, आणि बहुतेक नवे दिग्दर्शक हीच गोष्ट विसरतात. पॅसेज केवढा लांब आहे, दिव्याचे बटण कुठे आहे आणि बाहेरचे दार कोणत्या बाजूला आहे हे उजेडात एकदा दाखवले नसेल, तर अंधारात प्रेक्षक घाबरत नाही, नुसता गोंधळतो.

आता ध्वनीबद्दल सविस्तर लिहितो, कारण माझ्या अनुभवात सर्वांत मोठा फरक तिथे पडतो आणि सर्वांत कमी विचारही तिथेच होतो. प्रतिमा चौकटीपुरती असते, ध्वनीला मात्र चौकट नसते. पडद्यावर न दिसणारी जागा प्रेक्षकाच्या मनात उभी करण्याचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रभावी साधन म्हणजे ध्वनी. दिग्दर्शक फ्रिट्झ लांग यांचा 'एम' (1931) हा त्यांचा पहिला बोलपट, पण ध्वनीचा इतका विचारपूर्वक उपयोग आजही क्वचितच दिसतो. त्यात खुनी माणूस आधी शिट्टीवरूनच ओळखू येतो. ग्रीग या संगीतकाराची एक धून तो वाजवत असतो आणि पुढे ती शिट्टी ऐकू आली की चेहरा दाखवण्याची गरजच उरत नाही. त्याच चित्रपटात एका लहान मुलीचा खून अजिबात दाखवलेला नाही. आई तिला हाका मारते, त्या हाकांवर रिकामा जिना दिसतो, जेवणाच्या टेबलावरचे न वापरलेले ताट दिसते. मग गवतातून घरंगळत आलेला तिचा चेंडू आणि तारांत अडकलेला तिचा फुगा. हाकांचा आवाज आणि रिकाम्या जागा एवढ्याच साहित्यावर तो प्रसंग उभा आहे.

पार्श्वसंगीताची अडचण अशी की ते प्रेक्षकाला काय वाटायला हवे हे आधीच सांगून टाकते. चार मिनिटे सलग वाजणारे गंभीर संगीत पहिल्या अर्ध्या मिनिटानंतर ऐकू येईनासे होते, कारण कान त्याला सरावतो. संगीत वापरायचेच असेल तर त्याला नियम हवा. 'जॉज' (1975) मध्ये संगीतकार जॉन विल्यम्स यांची दोन स्वरांची ती प्रसिद्ध धून शार्क खरोखर जवळ असतानाच येते. दोन मुले शार्कच्या पाठीवरच्या पराची खोटी प्रतिकृती पाण्यावर दाखवून लोकांना घाबरवतात, त्या वेळी धून वाजत नाही. प्रेक्षक हा नियम नकळत शिकतो, आणि मग एका प्रसंगात शार्क कोणतीही धून न वाजता अचानक पाण्याबाहेर डोके काढतो, तेव्हा प्रेक्षकाच्या पायाखालची जमीन सरकते. याच चित्रपटाच्या वेळी यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात वारंवार बिघडत असे, त्यामुळे तो फारसा दाखवता येत नव्हता. त्याच्या जागी पाण्यावर ओढली जाणारी पिंपे, पाण्याच्या पातळीवरचा कॅमेरा आणि ती धून यांवर काम भागवावे लागले. शार्क नीट दिसेपर्यंत तासाहून अधिक वेळ जातो, आणि चित्रपटाचा बराचसा दरारा त्या न दिसण्यातून आलेला आहे.

थोडे विषयांतर, पण जवळचेच: आपल्याकडे गाण्यांमुळे ताण सैल होतो हे ओळखून 'कानून' (1960) आणि 'इत्तेफाक' (1969) हे हिंदी चित्रपट गाण्यांशिवाय करण्यात आले. याउलट 'वो कौन थी' (1964) मध्ये 'नैना बरसे' हे गाणेच पुन्हा पुन्हा येऊन गूढ वाढवते. म्हणजे संगीत असावे की नसावे, याचे सरसकट उत्तर नाही. ते कथेतल्या कोणत्या गोष्टीला बांधले आहे, हे पाहावे लागते.

तुमच्यासाठी माझी सूचना अशी: संगीताचा ट्रॅक पूर्ण बंद करा आणि प्रसंग एकदा पाहा. मी एका लघुपटाचे काम करताना जिन्यावरच्या प्रसंगासाठी तीन निरनिराळी संगीते लावून पाहिली होती आणि एकही जमत नव्हते. शेवटी सगळे काढून टाकले, तेव्हा उरलेल्या शांततेत अभिनेत्रीच्या अनवाणी पावलांचा फरशीवर चिकटून सुटणारा आवाज ऐकू आला, आणि प्रसंग तिथेच होता असे लक्षात आले. तुमच्या पॅसेजसाठी त्या घराचा रूम टोन, म्हणजे कुणीही हालचाल न करता त्या जागेत भरून असलेला आवाज, किमान एक मिनिट वेगळा रेकॉर्ड करा. त्यावर फ्रिजची मंद घरघर ठेवा. प्रेक्षकाला ती जाणवणारही नाही. ती स्त्री पॅसेजच्या मध्यावर आली की ती घरघर थांबवा. फ्रिज असा थांबतच असतो, त्यामुळे हे मुळीच खोटे वाटत नाही. पण त्यानंतरची शांतता एखाद्या मोठ्या आवाजापेक्षा अधिक टोचते. एक व्यावहारिक गोष्टही सांगतो. खोल, घुमणारे आवाज वापरून दडपण आणायचा मोह होतो. पण तुमचा लघुपट बहुतेक लोक मोबाइलवर पाहणार असतील, तर त्याच्या छोट्या स्पीकरमधून शंभर हर्ट्झच्या खालचे आवाज जवळजवळ ऐकूच येत नाहीत. म्हणून महत्त्वाचे आवाज, जसे कडीची करकर, कापडाची सळसळ किंवा श्वास, मधल्या पट्टीत ठेवा.

कटांबद्दल. चार मिनिटांत साठ कट म्हणजे सरासरी दर चार सेकंदांनी एक. प्रत्येक कट प्रेक्षकाला नवी जागा आणि नवी माहिती देतो, आणि त्यातून त्याची थोडी सुटकाही करतो. लांब शॉट मात्र त्याला कोंडून ठेवतो: पाहायचे ते सगळे पाहून झाल्यावरही चित्र बदलत नाही, तेव्हा डोळा कडेचे कोपरे धुंडाळू लागतो, आणि ते धुंडाळणे म्हणजेच अस्वस्थता. तुमच्या प्रसंगाचा पहिला दीड मिनिटाचा भाग तीन किंवा चार शॉटमध्ये बसवून पाहा. वेगवान संकलन वाईट असते असे मी म्हणत नाही. 'सायको' (1960) मधल्या न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगात पन्नासच्या आसपास कट आहेत आणि ते हवेच आहेत. पण त्याआधी हिचकॉक यांनी बराच वेळ अत्यंत संथ, शांत, जवळजवळ निवांत असे काही दाखवलेले आहे. तुटकपणाचा आघात त्या सलगपणावर होतो. सुरुवातीपासूनच तुटक असलेल्या प्रसंगात आघात व्हायला जागाच नसते.

चौकटीत पात्राच्या पाठीमागे रिकामी जागा ठेवणे हे जुने तंत्र आहे आणि ते अजून काम करते, मात्र ती जागा काहीतरी आत येण्याइतकी मोठी असायला हवी. लेन्सचा विचार तुम्ही केलेला नाही असे वाटते. वाइड लेन्सने पॅसेज लांब दिसतो आणि दार दूर जाते. लाँग लेन्सने, म्हणजे दूरचे जवळ आणणाऱ्या लेन्सने, मध्ये दाराची कड किंवा पडदा धूसर ठेवून तिला दुरून टिपले, तर तिला कुणीतरी पाहत आहे असे वाटते. हे दोन्ही मिसळू नका. ती पुढे पाहते तेव्हा वाइड आणि तिच्याकडे पाहिले जाते तेव्हा लाँग, एवढी शिस्त पुरेशी आहे. 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' (1991) मध्ये नायिकेशी बोलणारी माणसे जवळजवळ थेट लेन्समध्ये पाहतात आणि ती स्वतः किंचित बाजूला पाहते. एवढ्याशा फरकामुळे सगळ्यांच्या नजरांचा भार तिच्याबरोबर आपल्यावरही येतो.

प्रकाशाविषयी एकच आग्रह आहे. अंधार म्हणजे सगळेच काळे नव्हे. काळ्याला खोली यायची असेल तर त्याच्या शेजारी काहीतरी उजळ हवे. 'सस्पिशन' (1941) मध्ये नायक रात्री जिन्यावरून दुधाचा पेला घेऊन चढतो, त्या पेल्यात हिचकॉक यांनी चक्क छोटा दिवा लपवला होता, त्यामुळे अंधारलेल्या जिन्यावर नजर त्या पांढऱ्या दुधावरच खिळते आणि त्यात विष आहे का, याखेरीज दुसरे काही सुचत नाही. तुमच्या दाराखालच्या फटीतून येणारी उजेडाची एक बारीक रेघ हेच काम करील. निळा रंग ठेवा किंवा काढा, त्याने फार बिघडत नाही. हातात धरलेला हलता कॅमेरा मात्र ती घाबरल्यानंतरसाठी राखून ठेवा. ती शांत असताना कॅमेराच थरथरत असेल, तर भीती तिची न वाटता कॅमेरामनची वाटते.

राहिला शेवटचा भाग, दार उघडल्यावर काय दाखवावे. माझ्या मते कॅमेरा आधीच खोलीच्या आत असावा, दाराकडे तोंड करून, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. दार उघडते, पॅसेजचा उजेड आत येतो आणि ती लेन्सच्या किंचित बाजूला पाहते. तिचा श्वास थांबतो, त्यासोबत रूम टोनही अर्ध्या सेकंदासाठी पूर्ण काढून टाका. तिची नजर एखाद्या गोष्टीवर स्थिर होऊ द्या आणि मग ती नजर हळूहळू खाली जाऊ द्या, जणू जे आहे ते जमिनीलगत आहे. त्याच वेळी तिच्या मागे, पॅसेजमध्ये, थांबलेला फ्रिज पुन्हा सुरू झाल्याचा आवाज येऊ द्या. उलट दिशेचा शॉट, म्हणजे तिला जे दिसले तो, चित्रीकरणाच्या वेळी जरूर घ्या, कारण संकलनात पर्याय हाताशी असावा लागतो. पण पहिल्या कच्च्या प्रतीत तो जोडू नका. ती प्रत कथा ठाऊक नसलेल्या दोन-तीन जणांना दाखवा आणि खोलीत काय होते असे त्यांना विचारा. त्यांनी सांगितलेले तुमच्याकडे चित्रित असलेल्यापेक्षा भयंकर असेल, तर तो शॉट बाजूलाच राहू द्या.