भूगर्भशास्त्रासाठी कॉलेज निवडताना

बारावीनंतर भूगर्भशास्त्र? मस्तच! फक्त कट-ऑफ आणि ठाणे स्टेशनपासूनचं अंतर बघून कॉलेज ठरवू नकोस. मी तेच केलं. तिसऱ्या वर्षी मुलं कमी म्हणून विषयच बंद झाला!

आधी दोनच गोष्टी विचार:
– विषय शेवटच्या वर्षापर्यंत मेजर, म्हणजे मुख्य विषय, म्हणून मिळतो का?
– वर्षाला फील्ड ट्रिप किती?

मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये हा विभाग आहे. सीएसएमटीची फास्ट पकड आणि बघून ये. कुठेही गेलास तरी प्रयोगशाळेतल्या दगडांच्या ट्रेवर बोट फिरव. धुळीचा थर लागला, तर समजून जा. शेवटच्या वर्षाच्या मुलांना कॅन्टीनमध्ये गाठ, तीच खरं सांगतात. एमएस्सी, गेटची परीक्षा वगैरे नंतर बघू. तोवर ठाण्यातल्या येऊरच्या वाटेवरचा काळा बेसॉल्ट, म्हणजे लाव्हाचा दगड, उचल, त्यात पांढरे ठिपके दिसतात का बघ.