स्वस्त क्रूझवर खरोखरच नुसता दारूचा धिंगाणा असतो का?

आपण विचारले आहे की, ह्यूस्टनला आपल्या बहिणीकडे आलेल्या आईवडिलांना (वडील 68 वर्षांचे, आई 64 वर्षांची) जवळच्या गॅल्व्हस्टन बंदरातून सुटणाऱ्या कमी भाड्याच्या चार रात्रींच्या क्रूझवर पाठवावे, की ‘असल्या बोटींवर’ पिणे, नाचणे आणि मारामाऱ्या चालतात हे ऐकलेले खरे मानून तो बेत सोडून द्यावा.

बेत सोडू नका. मात्र मार्च महिन्यात, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांच्या वसंत सुट्टीत (स्प्रिंग ब्रेक), पाठवू नका, आणि खिशाला झेपत असेल तर चारऐवजी सात रात्रींची फेरी घ्या. तुमच्या प्रश्नापुरते उत्तर एवढेच आहे. पुढचे सगळे मी ‘असल्या बोटी’ या दोन शब्दांसाठी लिहीत आहे, कारण असल्याच बोटींवर मी 2008 ते 2017 अशी नऊ वर्षे केबिन स्टुअर्ड, म्हणजे प्रवाशांच्या खोल्या झाडून-लावून ठेवणारा, होतो आणि हे दोन शब्द माझ्या सासऱ्यांच्या तोंडून गेली पंधरा वर्षे ऐकत आलो आहे.

सासरे, म्हणजे अण्णा, आमच्या वेंगुर्ल्याकडच्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. लग्नाच्या बोलणीत त्यांनी मला पगार विचारला नाही, घर विचारले नाही, फक्त एवढेच विचारले, “तिथे दारुड्यांच्या उलट्या पुसाव्या लागतात ना?” मी खरे तेच सांगितले, की कधीकधी लागतात. तेवढ्या एका होकारावर त्यांचे माझ्या नोकरीविषयीचे मत कायमचे ठरले. त्यांना मी कितीदा सांगितले असेल की, नऊ वर्षांत मी जेवढ्या उलट्या पुसल्या त्यांतल्या निम्म्याहून अधिक बोट लागलेल्या माणसांच्या होत्या, आणि उरलेल्यांत मोठा वाटा दिवसभर फुकट मिळणाऱ्या आइस्क्रीमच्या यंत्राशी खेळणाऱ्या मुलांचा होता. अण्णांनी हे ऐकून घेतले, मान्य केले नाही.

या बोटींची ही ख्याती कोणा शत्रूने पसरवलेली नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. कंपन्यांनी ती स्वतः पैसे मोजून जाहिरातींत छापून घेतली आहे. कार्निव्हल या अमेरिकन क्रूझ कंपनीची पहिली बोट ‘मार्डी ग्रा’ ही 1972 साली जुनी ‘एम्प्रेस ऑफ कॅनडा’ विकत घेऊन उभी केलेली होती, आणि पहिल्याच फेरीत ती मायामी बंदराच्या तोंडाशी वाळूत रुतली. जुन्या, खर्चिक बोटीवर बंदरांपेक्षा समुद्रातच अधिक वेळ काढणे परवडत असल्यामुळे बोटीवरची करमणूक हाच विकण्याचा माल झाला, आणि त्यातून ‘फन शिप’ हे नाव आले. त्याआधी सागरी प्रवास म्हणजे श्रीमंत म्हाताऱ्यांचा सूट-टाय घालून जेवण्याचा प्रकार मानला जात असे. शाळामास्तर, ट्रकचालक, परिचारिका यांना परवडेल असा समुद्र ज्यांनी विकला, त्यांना गोंगाटही विकावा लागला. मला त्यात काही गैर वाटत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट सांगतो. मार्च 2014 मध्ये मी ज्या बोटीवर होतो (कंपनीचे नाव लिहीत नाही) ती गॅल्व्हस्टनहून मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटाला जाऊन चार रात्रींत परत येत असे. माझ्याकडे त्या वेळी बावीस केबिनी होत्या आणि प्रत्येक केबिन दिवसातून दोनदा लावावी लागे. दोन केबिनींत मिळून कॉलेजची आठ मुले होती, चार खाली आणि चार भिंतीतून उघडणाऱ्या वरच्या पलंगांवर. त्यांच्या समोरच्या पाच केबिनींत एकाच कुटुंबातली माणसे होती. आजीच्या पंचाहत्तरीसाठी सगळ्यांनी एकसारखे पिवळे टी-शर्ट शिवून आणले होते. आमच्या सुपरवायझरने पहिल्याच दिवशी मला मुलांवर लक्ष ठेवायला बजावले, आणि ती मुले त्या लौकिकाला जागली. त्यांनी पलंगाची शिडी मोडली, बर्गर कपड्यांच्या खणात ठेवले आणि सकाळी अकरापर्यंत दार उघडले नाही.

पण भांडण झाले ते पिवळ्या टी-शर्टवाल्यांत. त्या कुटुंबातले दोन जावई, आपल्या भाषेत साडू, यांनी दारूचे पॅकेज घेतले होते. हे पॅकेज म्हणजे दिवसाला ठरावीक रक्कम भरून ठरावीक संख्येपर्यंत हवी ती पेये घेण्याची सोय असते, आणि तिचा एक नियम असा की एकाच केबिनीतल्या एका प्रौढाने ते घेतले तर दुसऱ्यालाही घ्यावे लागते. धाकट्या साडूची बायको दारूला शिवत नसे, तरी तिचेही पैसे भरावे लागले. ते वाया कसे जाऊ द्यायचे, म्हणून स्वतःची दिवसाची मर्यादा संपली की हा गृहस्थ बायकोचे बोटीवरचे कार्ड घेऊन बारवर जाऊ लागला. कार्ड यंत्रात घातले की बारवाल्याच्या पडद्यावर मूळ मालकाचा फोटो उमटतो, हे त्याच्या लक्षात आले नाही. तिसऱ्या दिवशी दोघांचीही पॅकेजेस रद्द झाली, पैसे परत मिळाले नाहीत, आणि आपली चहाडी थोरल्या साडूने केली अशी त्याची खात्री पटली.

तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले नव्हते; संध्याकाळचे साडेसात वाजले होते, कॉरिडॉरमध्ये मी ट्रॉली लावून टॉवेलचा हत्ती वळत होतो, आणि सगळे कुटुंब जेवणाला जाण्यासाठी चांगले कपडे घालून बाहेर पडत होते. पहिल्यांदा बर्फाची बादली आली, मग माझी ट्रॉली आडवी झाली आणि दोन धिप्पाड माणसे चाळीस पांढऱ्या टॉवेलांवर एकमेकांच्या उरावर बसली. मी सिक्युरिटीला फोन केला. लोक येईपर्यंत थोरल्याला धरून ठेवले ते समोरच्या केबिनीतून ओल्या चड्ड्यांनिशी धावत आलेल्या दोन कॉलेजच्या मुलांनी (शिडी त्यांनीच मोडली होती, हे मी विसरलेलो नाही). कोझुमेल मागे पडलेले असल्यामुळे धाकट्याला उतरवून देता येईना. त्याला गॅल्व्हस्टन येईपर्यंत केबिनीत बसवून दाराबाहेर पहारा ठेवला. मला तीन पाने जबाब लिहून द्यावा लागला. दुसऱ्या दिवशी आजींनी मला बाजूला घेऊन विचारले की सुरुवात कोणी केली, आणि मी खोटे बोललो की मी मधूनच पाहिले.

हा प्रसंग मी सुट्टीवर आल्यावर अण्णांना मोठ्या उमेदीने सांगितला, कारण मला वाटले की यातून भांडणाचे कारण हिशेब होते, दारू नव्हे, हे त्यांच्यासारख्या जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाला तरी पटेल. अण्णा शांतपणे म्हणाले, “म्हणजे मारामाऱ्या होतात तर.”

माझे म्हणणे आजही तेच आहे. तिकीट स्वस्त असल्यामुळे माणूस बेताल होत नाही. आधी भरलेले पैसे थोड्या वेळात वसूल करायचे असले की होतो. आपल्याकडे लग्नाच्या बुफेत ताट जसे भरले जाते त्याचीच ही ओली आवृत्ती आहे. चार रात्रींच्या फेरीत पहिली संध्याकाळ सामान शोधण्यात आणि शेवटची सामान भरण्यात जाते, मधल्या तीन दिवसांत वर्षभराची सुट्टी उरकायची असते, आणि बंदर घरापासून मोटारीने जाण्याइतके जवळ असल्याने विमानाचा खर्च वाचलेला असतो, तो बारवर जातो. याच्या उलट अनुभवही मला आहे. आमची बोट दोनदा हंगाम बदलताना अटलांटिक ओलांडून युरोपला गेली, त्या दोन-दोन आठवड्यांच्या फेऱ्यांत बोट तीच, बार तेच, दारूचे दरही तेच होते. पण कॉरिडॉर रात्री साडेनऊला निजत असे आणि माझ्याकडे आलेल्या तक्रारी पत्त्यांच्या टेबलावरच्या कुरबुरींच्या असत.

आणि महागड्या किंवा कुलीन समजल्या जाणाऱ्या बोटींविषयी कोणी फार सांगू लागले तर त्यांना पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या ‘ब्रिटानिया’ची आठवण द्यावी. जुलै 2019 मध्ये नॉर्वेहून साउथॅम्प्टनला परतताना, लोकांनी काळे सूट घालून जेवण केल्यानंतरच्या पहाटे, तिच्या बुफेत हाणामारी होऊन अनेकजण जखमी झाले. बो-टाय असला म्हणून हात आवरतोच असे नाही.

माझ्या या सिद्धांताला छेद देणारी उदाहरणेही आहेत, तीही सांगितली पाहिजेत. फेब्रुवारी 2018 मध्ये ‘कार्निव्हल लेजंड’वर झालेल्या मारामाऱ्यांनंतर एका मोठ्या कुटुंबातल्या 23 जणांना ऑस्ट्रेलियातल्या ईडन बंदरात उतरवून द्यावे लागले, आणि ती फेरी चार नव्हे, दहा दिवसांची होती. शिवाय अमेरिकेत 2010 च्या कायद्यानुसार बोटीवरचे गंभीर गुन्हे एफबीआयला कळवावे लागतात आणि त्यांचे आकडे दर तिमाहीला प्रसिद्ध होतात. त्यांत लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी सर्वांत जास्त असतात. तेव्हा एकट्या मुलीला किंवा किशोरवयीन मुलांना पाठवताना मी वर लिहिले आहे तेवढे बिनधास्त राहू नये. तुमच्या आईवडिलांची गोष्ट वेगळी आहे.

त्यांच्यासाठी केबिन अशी निवडा की जिच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही मजल्यांवर केबिनीच असतील. पोहण्याच्या तलावाखाली किंवा नाइटक्लबच्या वर स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. जेवणाची पहिली वेळ मागा, आणि शाकाहारी असतील तर पहिल्याच संध्याकाळी मुख्य वेटरला सांगा. तो किंवा त्याचा मदतनीस भारतीय असण्याची शक्यता बरीच असते आणि पुढच्या दिवसांची सोय होऊन जाते. मेक्सिकोसाठी अमेरिकेचा वैध व्हिसा चालतो, परंतु परत येण्यासाठी तो अनेकवार प्रवेशाचा आहे ना हे पाहा, आणि सात रात्रींची फेरी घेतलीत तर इतर बंदरांचे नियम कंपनीला लेखी विचारा. बोटीवरच्या डॉक्टरचे बिल डॉलरमध्ये आणि भरभक्कम येते, म्हणून त्यांचा विमा बोटीवर लागू होतो की नाही हे तपासा. 68 व्या वर्षी धोका नाचणाऱ्या पोरांचा नसतो, ओल्या डेकवर पाय घसरण्याचा असतो.

कोणी तुम्हाला असेही सुचवेल की आधी त्यांना मुंबईहून गोव्याची एक फेरी करवून पाहा. तो प्रयोग मी केलेला आहे. 2 ऑक्टोबर 2021 रोजी मुंबईत कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या बोटीवर एनसीबीचा (अमली पदार्थांविरोधी केंद्रीय यंत्रणेचा) छापा पडला तेव्हा अण्णांचा फोन आला, “जावईबापू, तुमच्या बोटी टीव्हीवर आहेत.” ती माझी बोट नव्हती, मी तोवर चार वर्षे घरीच होतो, आणि पुढे मे 2022 मध्ये आरोपपत्र दाखल करताना खुद्द एनसीबीनेच पकडलेल्यांपैकी सहा जणांची नावे पुराव्याअभावी वगळली, पण टीव्हीवर छापा जितके दिवस दिसला तितके दिवस आरोपपत्र दिसले नाही. तेव्हा 2023 च्या जानेवारीत मी अण्णांना आणि सासूबाईंना दोन रात्रींसाठी मुंबईहून सुटणाऱ्या बोटीवर घेऊन गेलो.

अण्णांनी बुफेच्या रांगेत मध्ये घुसणाऱ्या एका गृहस्थाला वर्गातल्यासारखे मागे पाठवले, पानात टाकलेल्या अन्नाकडे पाहून दोन्ही दिवस हळहळले, आणि परतल्यावर निकाल दिला, “दारू दिसली नाही, पण शिस्तही दिसली नाही.” पंधरा वर्षांत त्यांनी माझ्या बाजूने दिलेले हे पहिले अर्धे वाक्य होते, आणि ते मी कुटुंबातल्या प्रत्येकाला सांगितले आहे. केबिन मीच निवडली होती, बोटीच्या मधोमध आणि खालच्या डेकवर. जेवणाची वेळ मीच पहिली घेतली होती, आणि नऊला ते दोघेही झोपलेले होते. दोन्ही रात्री साडेबाराला वरच्या डेकवर मी एकटाच डोकावून आलो, आणि तिथे काय चालले होते ते मी अण्णांना अजून सांगितलेले नाही.