घाटात ढेपाळणारी गाडी : पंप बदलण्याआधी

प्रश्न : माझी २०१२ची पेट्रोल गाडी ८५,००० किमी चालली आहे. गावात छान पळते, पण खंबाटकी चढताना पाय दाबला की गचके देते, वेग पन्नासच्या पुढे जात नाही. बाजूला घेऊन पाच मिनिटं बंद ठेवली की पुन्हा नीट. सकाळी तीन-तीनदा सेल मारावा लागतो. स्कॅनरवर पी०१७१ कोड आला. गॅरेजवाले म्हणतात, पेट्रोलचा पंप गेला. बदलू का? (सातारा)

उत्तर : इतक्यात नको. पी०१७१ म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, एवढंच. का पडतंय, ते कोड सांगत नाही. त्याच स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (इंजिनचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो, तो आकडा) बघा. आयडलला (गाडी उभी, पाय न दाबता) ट्रिम +२० टक्के आणि २५०० आरपीएमला शून्याकडे येत असेल, तर हवा कुठून तरी चोरवाटेने आत शिरतेय. व्हॅक्यूम पाइप आणि मॅनिफोल्डचं गॅस्केट तपासा. उलट आयडलला ठीक आणि लोडवर (इंजिनवर जोर पडताना) ट्रिम चढत जात असेल, तर पेट्रोलचा पुरवठा संशयित. मळलेला एअरफ्लो सेन्सरही (आत जाणारी हवा मोजणारा) असंच चित्र दाखवतो, म्हणून प्रेशर गेज लावल्याशिवाय निकाल देऊ नये.

गेज लावण्याआधी लाइनमधलं प्रेशर उतरवा : पंपाचा फ्यूज काढा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, मग दोन-तीनदा सेल मारा. बॅटरीची निगेटिव्ह काढा, इंजिन थंड असू द्या, जवळ अग्निशामक ठेवा. लाइन आणि रेल (इंजेक्टरना पेट्रोल वाटणारी नळी) यांच्यामध्ये टी-अडॅप्टर लावून गेज जोडा. बॅटरी व फ्यूज परत बसवून चावी ऑन केली की पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो. तेव्हाच सगळे सांधे बघून घ्या; थेंबही गळता कामा नये. अशा गाड्यांत प्रेशर साधारण ३ ते ४ बार असतं. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच धरा.

चूक होते ती पुढे. आयडलवर काटा बरोबर दिसला की गेज काढून ठेवतात. आयडलला इंजिन पेट्रोल पितंच किती? पंपाच्या तोंडाची जाळी अर्धी तुंबली तरी तेवढं पेट्रोल पोचतं. गेजची नळी बॉनेटच्या मागच्या फटीतून बाहेर काढा, गेज काचेवर बाहेरच्या बाजूने पक्का चिकटवा (केबिनमध्ये पेट्रोलची नळी नकोच) आणि चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पाय दाबा. काट्याकडे शेजारच्याने बघावं. ३.५चा काटा २.५वर आला, तर पुरवठा कमी पडतोय हे पक्कं. काटा हलला नाही आणि गाडी तरीही ढेपाळली, तर पंपाला दोष देऊ नका. एअरफ्लो सेन्सर आणि इंजेक्टर बघा.

काटा पडला तरी पंप अजून निर्दोष असू शकतो. मागच्या सीटखाली पंपाचा कनेक्टर असतो. तो जोडलेला ठेवून, इंजिन चालू असताना मागून मल्टिमीटरची टोकं लावा. बॅटरीवर १३.८ आणि कनेक्टरवर ११ व्होल्ट दिसले, तर रिले, फ्यूजचे जळके दात किंवा गंजलेला अर्थचा बोल्ट दोषी आहे. व्होल्टेज कमी की पंप हळू फिरतो, आणि नवा पंपही तसाच फिरेल.

व्होल्टेज ठीक असेल तर पंपाचं असेंब्ली बाहेर काढा. पाच मिनिटांत गाडी सुधारते, यावरून माझा पहिला संशय जाळीवर आहे. पंप ओढत असतो तोवर टाकीतला गाळ जाळीला चिकटतो, बंद केला की खाली बसतो. तापलेला, झिजलेला पंपही असाच वागतो, पण जाळी बघायला वेगळा खर्च नाही. गाळ दिसला तर टाकी धुऊन घ्या. पंप टाकीत धरून ठेवणाऱ्या लॉक रिंगवर लोखंडी छिन्नी चालवू नका, ठिणगी उडते. ओ-रिंग नवीच टाका.

सकाळच्या सेलचं वेगळं बघा. चावी तीनदा ऑन-ऑफ करून मग सेल मारा. गाडी लगेच उठली, तर रात्रभरात प्रेशर उतरतंय. इंजिन बंद करून गेजवर लक्ष ठेवा. काटा झरझर खाली येत असेल, तर पंपातला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे येऊ न देणारी झडप), प्रेशर रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर. इंजेक्टर गळत असेल तर त्या सिलिंडरचा प्लग काळा, ओलसर निघतो. प्लग चारही सारखे असतील आणि चढावरही प्रेशर पडत असेल, तेव्हा मात्र गॅरेजवाल्यांचं ऐका.

प्रश्न : गाडी सीएनजीवर उत्तम चालते, पेट्रोलवर टाकली की झटके. (पिंपरी)

उत्तर : गॅसला पेट्रोलपेक्षा जोरकस ठिणगी लागते, म्हणजे प्लग आणि कॉइल निर्दोष सुटले. पेट्रोलची बाजूच बघा. सीएनजीवाले टाकी कायम रिझर्व्हवर ठेवतात. पंप मात्र पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो. बाहेरून बसवलेल्या काही किटमध्ये गॅसवरही पंप फिरतच राहतो, मग तो कोरडा तापतो. पाव टाकी पेट्रोल ठेवा, आठवड्याला १०-१५ किमी पेट्रोलवर चालवा. प्रेशर नीट असूनही झटके असतील, तर न वापरलेल्या इंजेक्टरमध्ये चिकटा बसलाय.

प्रश्न : हाच गेज कॉमन रेल डिझेलला चालेल का? (लातूर)

उत्तर : रेलवर मुळीच नाही. तिथे आयडललाच २५० बारच्या आसपास प्रेशर असतं, लोडवर हजाराच्या वर. सुटलेली धार कातडीतून आत घुसते. रेलचं प्रेशर स्कॅनरवर वाचा.