माझ्या कामामुळे बाळाला व्यंग आले का?

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी भागांना स्प्रे गनने रंग देणारे एक गृहस्थ पत्नीला घेऊन आमच्याकडे आले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्यांच्या मुलीचा वरचा ओठ जन्मतः दुभंगलेला होता, शस्त्रक्रियेने तो चांगला जुळून आला होता आणि आता दुसऱ्या अपत्याचा विचार चालू होता. गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरली म्हणून असे झाले, असे सासूबाईंचे ठाम मत होते. गृहस्थांचा संशय मात्र स्वतःवर होता. "मॅडम, दिवसभर रंग पातळ करायचा थिनर नाकातोंडात जातो. तेच पोरीला भोवलं ना?"

ग्रहणाचा विषय लवकर मिटला. ते ग्रहण पाचव्या महिन्यातले होते, आणि गर्भाचा ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळून आलेला असतो. सासूबाई त्या दिवशी सोबत असत्या तर बरे झाले असते.

वडिलांच्या प्रश्नाला इतके सोपे उत्तर नव्हते. शुक्राणू तयार व्हायला साधारण 74 दिवस लागतात आणि पुढे पक्व होऊन बाहेर पडेपर्यंत आणखी एक-दोन आठवडे जातात. म्हणून पुरुषाच्या बाबतीत गर्भधारणेपूर्वीचे तीन महिने सर्वांत महत्त्वाचे धरले जातात. या काळात काही रसायनांचा शुक्राणूंवर परिणाम होतो, हे निश्चित आहे. डीबीसीपी या कीटकनाशकाच्या कॅलिफोर्नियातील कारखान्यात 1977 मध्ये कित्येक कामगारांच्या वीर्यात शुक्राणूच नसल्याचे किंवा फार कमी असल्याचे आढळले होते. मात्र तिथे सिद्ध झाले ते वंध्यत्व. वडिलांचे काम आणि बाळाचे व्यंग यांचा संबंध इतका स्पष्ट नाही: रंगकाम करणाऱ्यांच्या किंवा थिनरसारखी द्रावके हाताळणाऱ्यांच्या मुलांत काही व्यंगे थोडी अधिक आढळल्याचे काही अभ्यास सांगतात, तर काहींना तसे काहीच दिसले नाही. शिवाय एकाच कामगाराच्या अंगावर दहा प्रकारची रसायने येत असतात आणि कशाशी किती संपर्क आला हे पुष्कळदा आठवणीवरून लिहिलेले असते. हजारात साधारण एका बाळाला होणाऱ्या ओठाच्या या व्यंगामागे बहुतेकदा अनेक जनुके व परिस्थिती एकत्र असतात. तेव्हा याच मुलीला याच थिनरमुळे असे झाले, असे कोणीही प्रामाणिकपणे सांगू शकत नाही, आणि झालेच नाही असेही सांगता येत नाही. हे अर्धवट उत्तर त्यांना रुचले नाही, पण खोटा दिलासा देणे मला पटत नाही.

बोलताना माझे लक्ष त्यांच्या हातांकडे गेले. नखांच्या कडेला पिवळा रंग बसलेला होता, आणि विचारल्यावर कळले की तंबाखू ते त्याच तळव्यावर मळतात. घरगुती रंगांतील शिशावर 2016 च्या नियमांनी 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा घातली, पण औद्योगिक रंग त्या नियमांत येत नाहीत आणि पिवळ्या-नारिंगी रंगांत लेड क्रोमेट हे शिसेयुक्त रंगद्रव्य असू शकते. म्हणजे शिसे नाकापेक्षा तोंडावाटे अधिक जात असण्याचा संभव होता. कामाचे कपडेही घरीच, मुलीच्या कपड्यांबरोबर धुतले जात. मला खरी काळजी वाटली ती इथे, कारण कपड्यांवरची धूळ लहान मुलीच्या पोटात जाते, आणि गरोदर बाईच्या रक्तातले शिसे वारेतून थेट गर्भापर्यंत पोहोचते.

दोघांच्याही रक्तातील शिशाची तपासणी सुचवली. पत्नीचा अहवाल ठीक आला. गृहस्थांचे प्रमाण मात्र, ज्याच्या पुढे शिशाचा उगम शोधावा असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्या डेसीलिटरमागे 5 मायक्रोग्रॅमच्या बरेच वर निघाले. मालकांकडून रंगाची सेफ्टी डेटा शीट (त्यात कोणती रसायने आहेत हे सांगणारे माहितीपत्रक) मागवणे, कापडी रुमालाऐवजी हवा गाळणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क, जेवण्यापूर्वी साबणाने हात धुणे, तंबाखू बंद, कपडे व बूट कारखान्यातच बदलणे आणि तपासणी पुन्हा करून प्रमाण उतरल्यावरच, किमान तीन महिन्यांनी, गर्भधारणेचा विचार, असे ठरले. पत्नीला फॉलिक ॲसिड आधीपासूनच सुरू करायला सांगितले. त्याने मज्जारज्जूच्या व्यंगापासून संरक्षण मिळते, ओठाच्या बाबतीत तितकी खात्री नाही.

मुलीबरोबर दुसरे कोणतेही व्यंग नसल्याने आणि नात्यात कोणाला असे नसल्याने दुसऱ्या बाळाला हेच होण्याची शक्यता शंभरात साधारण तीन ते पाच एवढी होती, म्हणजे इतरांपेक्षा जास्त, तरी शंभरातल्या निदान पंच्याण्णव बाळांना हे व्यंग नसते. अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत ओठ पाहता येतो. नुसत्या टाळूला फट असेल तर ती बहुतेकदा निसटते, हेही त्याच दिवशी सांगून ठेवले.