आणलंस ते परत कधी नेणार?

प्रिय,

पत्र दोनदा वाचलं. प्रबंध गावाच्या बाजूने लिहू की शहराच्या, असं विचारतोस. बाजूचं नंतर बघू. चाळीस घरांतून उतरवून आणलेली माहिती परत कधी नेणार, ते आधी सांग.

एबल वोल्मन या अमेरिकन अभियंत्याने १९६५ साली शहराच्या चयापचयाचा हिशेब मांडला. पाणी, अन्न, इंधन आत. सांडपाणी, कचरा, धूर बाहेर. तुझी आकृतीही तशीच, बाण सुबक आहेत. पण धान्याबरोबर शेतातलं नत्र आणि स्फुरद शहरात येतं, गटारातून नदीला मिळतं आणि शेतकरी तेच पुन्हा गोणीतून विकत घेतो. परतीचा बाण कुठाय? आणि तुझा स्वतःचा?

खोचक बोलतोय, कारण मीही हेच केलं. पहिला अभ्यास संपल्यावर तीन वर्षांनी दुसऱ्याच कामाला त्या गावात गेलो. एका बाईंनी डब्यातून घडी घातलेला कागद काढला. माझ्याच सहीची पोच. "विहिरीचं पाणी तपासायला नेलं होतंत. काय निघालं?"

नायट्रेट निघालं होतं, तान्ह्या बाळांना घातक ठरणारं, जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरला ५० मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या बरंच वर. माझ्या शोधनिबंधात ते कोष्टक चारमध्ये छापून आलं होतं. त्यांच्या घरात तेच पाणी चालू होतं, आणि मांडीवर तान्हं मूल.

तेव्हापासून आधी गावात वाचून दाखवतो, मग छापतो. त्यापायी एक प्रकल्प हातचा गेला, बरोबरीचे पुढे निघून गेले, आडमुठा हे नाव पडलं ते वेगळंच. असेन. पण अशाच एका बैठकीत माझे दोन आकडे चुकीचे निघाले. ते कुठल्या परीक्षकाला सापडले असते?

न्यूयॉर्कचा दाखला देतोस. १९९७ चा करार, पिण्याचं पाणी उगमापाशीच स्वच्छ राहावं म्हणून पाणलोटातल्या शेतकऱ्यांना शहराकडून पैसे, गाळणी प्रकल्पाचा अवाढव्य खर्च टळला. बरोबर. पण अलीकडचंच पान वाचलंस. त्याआधी धरणांसाठी त्या खोऱ्यांतली गावं बुडाली होती, आणि १९९० मध्ये शहराने परस्पर नियमांचा मसुदा काढला तेव्हा लोक भडकले. पुढे समोरासमोर बसून वाटाघाटी झाल्या, तेव्हा कुठे सह्या झाल्या.

"अजून विश्लेषण पूर्ण नाही" हे कारण मला सांगू नकोस, मीही तेच सांगत होतो. तिसरं प्रकरण ठेव बाजूला. तक्ते मोठ्या अक्षरांत काढ, लोक कामावरून परततात त्या वेळेला जा.

आणि पाण्याचे नमुने घेतले असशील, तर त्या घरांना आजच फोन कर. माझ्या पत्राला उत्तर सावकाश दे.