त्रिचीहून अर्ध्या दिवसात तंजावर बघून होतं का? मोठं देऊळ सोडून मराठी माणसाने तिथे बघण्यासारखं काय आहे?

होतं की. आमच्या धाकट्या दिरांनी पाऊण तासात करून दाखवलं होतं.

तुम्ही लिहिलंय की सोबत आई-वडील आणि दोन मुलं आहेत, मुक्काम त्रिचीला आहे, आणि टूरवाला म्हणतो, "देऊळ बघितलं की तंजावर संपलं, राजवाडा नुसता पडका आहे." हे शेवटचं वाक्य मी आधी ऐकलेलं आहे, शब्दही जवळपास हेच होते. म्हणून एरवी इथे नुसती वाचणारी मी आज लिहायला बसले.

आधी हिशोबाचं सांगते. त्रिची ते तंजावर पन्नास-साठ किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन दोन-अडीच तास रस्त्यातच जातात. दुपारी गाभारा बंद असतो आणि फरशी अशी तापते की म्हातारी माणसं चार पावलंही टाकू शकत नाहीत. चपला बाहेर काढाव्या लागतात, तेव्हा पायमोजे न्या, फार उपयोग होतो. देऊळ एकतर सकाळी उघडताच गाठा, नाहीतर चार वाजल्यानंतर. अर्धाच दिवस असेल तर एकटं देऊळ बघा आणि राजवाड्याला धावती भेट देऊ नका. पण खरं म्हणजे तंजावरला एक रात्र राहा.

आता आमचं. यात्रा कंपनीची बस होती, आणि सासरकडची निम्मी मंडळी त्यात. सासर सांगलीचं. दीर हे बसचे स्वयंघोषित नेते, व्यवस्थापकालाच वेळा ठरवून देणारे. मोठ्या देवळाला पाऊण तास दिला होता, त्यातला निम्मा चपलांच्या रांगेत गेला. वाटाड्या नेहमीचं सांगत होता, की शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. आम्ही त्या वेळी शिखराच्या सावलीतच उभे होतो. कुणी काही बोललं नाही. मी बोलले, तर भावजी म्हणाले, "वहिनी, ऐकून घ्या हो, पैसे दिलेत."

देऊळ राजराज चोळाचं, १०१० साली पूर्ण झालेलं, हे तुम्हाला माहीत असेलच. नंदी किती मोठा आणि शिखर किती उंच हे आकडे कुठेही सापडतील. मला सांगायचंय ते भिंतींबद्दल. त्या देवळाच्या भिंती वाचायच्या आहेत. दगडावर राजराजाने कोणाला काय दिलं याच्या याद्या कोरलेल्या आहेत. देवळाच्या सेवेत आणलेल्या चारशे नर्तकींची नावं आहेत, आणि कुणाचं घर कोणत्या आळीत हेही आहे. हजार वर्षांपूर्वीच्या बायकांची नावं पत्त्यासकट! तमिळ येत नसल्याने आपण ते वाचू शकत नाही हे मान्य. पण त्याच आवारात एक भिंत अशी आहे जी तुम्ही, तुमचे आई-वडील आणि शाळेत मराठी शिकत असतील तर तुमची मुलंसुद्धा वाचू शकतात.

आवाराच्या नैऋत्य कोपऱ्याकडे चालत जा. तिथे १८०३ साली तंजावरच्या भोसले घराण्यातल्या दुसऱ्या सरफोजी राजांनी कोरून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे. मराठीत आणि देवनागरीत. बहुतेक लोक समजतात की मोडी असेल किंवा तमिळ असेल, आणि सावली बघून तिथे पाणी प्यायला टेकतात. शब्द सुटे केलेले नाहीत, वळण जुनं आहे, त्यामुळे पहिली दोन मिनिटं काही लागत नाही. मग एखादं नाव लागतं, आणि नाव लागलं की मागचं-पुढचं सुटायला लागतं. मराठीतल्या सगळ्यात मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते, त्यामुळे पुरा वाचून होईल ही आशा सोडा. पण बोट फिरवत (भिंतीला न लावता!) मालोजी, शहाजी, शिवाजी, एकोजी असं एकेक सापडवत जाण्यात जी मजा आहे, ती मला त्या अख्ख्या यात्रेत दुसरीकडे कुठे मिळाली नाही.

मी वाचत होते. थोडं मोठ्याने, सवयच आहे. शेजारी एक तमिळ कुटुंब थांबलं. त्यांच्या मुलीने इंग्रजीत विचारलं, तुम्हाला हे वाचता येतं? येतं म्हटल्यावर तिने वडिलांना ओढून आणलं आणि मला पहिल्यापासून सुरू करायला लावलं. तेवढ्यात भावजी आले, हातात शिट्टी. हो, शिट्टी. "वहिनी, बस निघाली. भिंती काय वाचताय, भिंती सांगलीतही आहेत."

मी म्हटलं, "निघू दे."

माझे यजमान बिचारे चपलांपाशी उभे होते, त्यांना मी हाक मारली. बस गेली आणि आम्ही दोघं राहिलो. त्या कुटुंबाला जेवढं लागलं तेवढं वाचून दाखवलं, ते गेल्यावर आणखी अर्धा तास वाचलं, आणि मग रिक्षाने राजवाड्याकडे गेलो.

राजवाडा पडका आहे का? काही भाग आहे. रंग उडालेला, कबुतरांचा वास, प्रत्येक दालनाचं वेगळं तिकीट, कॅमेऱ्याचे वेगळे पैसे. सुट्टे जवळ ठेवा आणि चिडचिड करू नका. जयपूर-उदयपूरचे महाल डोळ्यांपुढे ठेवून गेलात तर निराश व्हाल, आणि तुमचा टूरवाला नेमकी तीच मापं लावतो. इथे बघायच्या त्या वस्तू.

पहिली म्हणजे कलादालनातल्या चोळकालीन ब्राँझमूर्ती. तिरुवेणकाडूहून आलेला वृषभवाहन शिव शोधा, १०११ सालचा. एका हाताचं कोपर नंदीच्या पाठीवर टेकवून उभा आहे, आणि नंदी तिथे नाहीच. रिकाम्या हवेवर टेकलेला तो हात बघताना मात्र बैलाचं वजन जाणवतं. डोक्यावर जटांचं मुंडासं बांधल्यासारखं. शेजारची पार्वती १०१२ सालची. नटराज सगळ्यांनी बघितलेला असतो, याच्यासमोर बसा. आई-वडिलांनाही इथे बसवता येईल, दगडी दालन थंड असतं. मुलं कंटाळली तर त्याच आवारात देवमाशाचा प्रचंड सांगाडा ठेवलाय, तरंगंबाडीच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या माशाचा. राजवाड्यात देवमासा कशाला, हे मला विचारू नका. मुलांना बहुधा तेवढंच लक्षात राहील.

दुसरं सरस्वती महाल, राजवाड्यातलं जुनं ग्रंथालय. इथे लोकांचा मोठा घोटाळा होतो. आपल्याला दाखवतात ते ग्रंथालय नाही, त्याचं छोटंसं संग्रहालय आहे. हजारो हस्तलिखितं आत आहेत: ताडपत्रं, संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी, मोडी दफ्तर. ती अभ्यासकांना परवानगी काढून बघायला मिळतात. पण बाहेर मांडलंय तेवढंही पुष्कळ आहे. सचित्र पोथ्या, जुने नकाशे, माणसाचा चेहरा आणि प्राण्याचा चेहरा शेजारी काढून तुलना करणारी युरोपीय चित्रं. हे सगळं जमवणारा माणूस म्हणजे दुसरे सरफोजी. १७९९ च्या तहात राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला, हातात उरला किल्ला आणि तनखा. या माणसाने त्या पैशात ग्रंथ जमवले, काशीयात्रेहून येताना हस्तलिखितं आणली, डोळ्यांच्या रोग्यांच्या सचित्र नोंदी ठेवल्या आणि देवनागरी छापखाना घातला. त्या छापखान्यात १८०६ साली इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. पुण्यात तेव्हा दुसरा बाजीराव होता. पुढचं मी बोलत नाही.

माझं एक स्पष्ट मत आहे. मराठी माणसं तंजावरला जाऊन "हे सगळं आपलं" म्हणून फोटो काढतात ते बघून मला लाज वाटते. देऊळ चोळांचं, नंदी आपल्या आधी इथे राज्य करणाऱ्या नायक राजांच्या काळचा, राजवाड्याचा मूळ भाग नायकांचा. आपण तिसरे. शिवाजी महाराजांनी तंजावर जिंकलं, असंही आमच्या बसमध्ये माइकवरून सांगितलं गेलं. जिंकलं ते त्यांचे सावत्र भाऊ व्यंकोजी (म्हणजे भिंतीवरचे एकोजी) राजांनी, १६७५ च्या सुमारास, विजापूरचे सरदार म्हणून. १६७७ मध्ये महाराज दक्षिणेत आले, कोळेरून नदीकाठी दोघं भाऊ भेटले, आणि वाटणीचं बोलणं फिसकटल्यावर व्यंकोजी राजे रातोरात निघून गेले. घरोघरी होतं तेच. सांबाराचा शोध संभाजी महाराजांच्या पाहुणचारात लागला ही गोष्टही कृपया मुलांना इतिहास म्हणून सांगू नका. पण तिसऱ्याने आल्यावर काय केलं, हे बघण्यासाठी तरी राजवाड्यात गेलंच पाहिजे. आधीच्यांचं मोडलं नाही, जपलं आणि त्यात भर घातली. मला अभिमान आहे तो याचा.

आता सांगलीचा मुद्दा, ज्यावरून आमच्याकडे दर दिवाळीला वाद होतो. भावजींचं ठाम म्हणणं, की मराठी नाटक जन्मलं सांगलीत, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं तेव्हा. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन आपण त्याचाच पाळतो. माझं माहेर सांगलीचं नसल्यामुळे मला या विषयावर बोलण्याचा अधिकार नाही असंही त्यांचं म्हणणं. पण व्यंकोजींचे चिरंजीव शहाजी राजे, १६८४ ते १७१२ तंजावरच्या गादीवर होते. त्यांनी मराठीत नाटकं लिहिली. पाच भाषांतलं एक नाटक त्यांच्या नावावर आहे, त्यात एक भाषा मराठी. भाव्यांच्या आधी किमान सव्वाशे वर्षं! त्यांच्या पोथ्या सरस्वती महालात आहेत, आणि ग्रंथालयाने अशी जुनी मराठी पुस्तकं छापूनही काढली आहेत. विक्रीच्या खिडकीवर जरूर चौकशी करा. त्या दिवशी मी चौकशी केली, तर तिथल्या गृहस्थांनी मराठी ऐकून खुर्ची दिली आणि मागच्या कपाटातून धूळ झटकत काय काय काढलं. पिशवी भरून घेतलं. संध्याकाळी सरकारी बसने उभं राहून त्रिचीला आलो, आणि जेवणाच्या टेबलावर मी ती पिशवी भावजींसमोर ठेवली.

भावजींनी पुस्तकं चाळली नाहीत. विचारलं, "याचं तिकीट कुणी काढलं होतं?" म्हणजे तिकीट लावून लोकांसमोर झालं नाही ते नाटक नव्हे. मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी, सगळीकडे अबोला.

सांगलीकरांनी चिडू नये म्हणून एवढं कबूल करते, की तंजावरची ती नाटकं दरबाराच्या आश्रयातली. त्यांची परंपरा इथे महाराष्ट्रात चालत आली नाही, आणि गावोगाव फिरणारी नाटक मंडळी उभी राहिली ती भाव्यांपासूनच. म्हणजे भावजी अगदीच चूक नाहीत. पण "जन्म" म्हणू नका, "दुसरा जन्म" म्हणा, मी गप्प बसते. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, त्यामुळे कुणी ओळखीचं असेल तर इथेच राहू द्या.

तुमच्या प्रश्नाकडे येते. देवळाभोवती जो छोटा शिवगंगा किल्ला आहे त्याचा तट आणि खंदक येता-जाता दिसतातच, त्याला वेगळा वेळ नको. त्याच परिसरात १७७९ चं श्वार्ट्झ चर्च आहे. सरफोजींना लहानपणी ज्या पाद्र्याने शिकवलं तो हा श्वार्ट्झ. तो मृत्युशय्येवर आहे आणि राजा त्याच्याजवळ उभा आहे असं संगमरवरी शिल्प आत आहे. उघडं असलं तर पाच मिनिटं डोकवा. दुसरा दिवस मिळाला तर तो राजवाड्यात घालवण्यापेक्षा दारासुरमच्या चोळकालीन देवळाला गेलात तरी माझी हरकत नाही, कुंभकोणमच्या वाटेवर आहे, गर्दी कमी आणि कोरीवकाम हातभर अंतरावरून बघता येतं. मात्र मग वर मी जे काही राजवाड्याबद्दल लिहिलंय ते पहिल्याच दिवशी दुपारी उरकावं लागेल: सकाळी देऊळ, दुपारी राजवाड्याची दालनं, उन्हं उतरल्यावर पुन्हा देऊळ. संध्याकाळी त्या दगडाचा रंग बदलतो म्हणतात, बदलतोच.

वडिलांचे गुडघे दुखत असतील तर राजवाड्यातले जिने त्यांना चढायला लावू नका, खालचं कलादालन पुरे. आणि टूरवाल्याला आधीच सांगून ठेवा की तुम्ही बससाठी थांबणार नाही. आमच्या यजमानांना ते ऐन वेळी कळलं, त्यांचा डबा बसमध्येच राहिला होता.